ग्रामसभा, लोकसहभाग आणि सहयोगी कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यातला बराचसा वेळ ग्रामपंचायतीच्या खोलीत जुनी इतिवृत्तं वाचण्यात जातो, उरलेला सभांमध्ये मागच्या रांगेत बसून ऐकण्यात. एम.ए.चे विद्यार्थी, नवे सरपंच, सोसायट्यांचे पदाधिकारी, निवृत्त शिक्षक असे कितीतरी लोक भेटतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

लोकप्रशासन म्हणजे कलेक्टर-तहसीलदारांचा अभ्यास ना? त्यात लोकांचं काय काम?

बरीच वर्षं हा विषय तसाच शिकवला गेला: पदसोपान (अधिकाऱ्यांची वरून खालची उतरंड), अधिकारांची विभागणी, अंदाजपत्रकाचे टप्पे. लोक त्यात ‘लाभार्थी’ म्हणून यायचे, म्हणजे रांगेच्या शेवटी. पण गावातल्या नळाला पाणी येणं एकट्या पाणीपुरवठा विभागाच्या हातात नसतं. पाणी सोडणारा कर्मचारी, पाणीपट्टी भरणारी किंवा न भरणारी घरं, मोटर लावून पाणी ओढणारा शेजारी, ग्रामपंचायतीचा ठराव आणि जिल्हा परिषदेतली फाइल या सगळ्यांचं मिळून ते काम होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पोलीस सेवेपासून सिंचनापर्यंत हेच तपासलं: सेवा देणारा आणि घेणारा मिळूनच सेवा घडवतात. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या कामानंतर ‘लोकांचं काय काम’ हा प्रश्न निदान संशोधनात तरी मागे पडला. कार्यालयांत तो अजून विचारला जातो.

‘सहयोगी कारभार’ म्हणजे नेमकं काय? सूचना-हरकती मागवणं म्हणजे सहयोगच ना?

नाही. हा फरक पक्का समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं जातं.

क्रिस ॲन्सेल आणि ॲलिसन गॅश यांनी २००८ साली वेगवेगळ्या क्षेत्रांतली १३७ प्रकरणं एकत्र अभ्यासून काही कसोट्या मांडल्या. शासकीय यंत्रणेने स्वतःहून व्यासपीठ उभं करायचं. त्यावर सरकारबाहेरची माणसं हवीत. त्यांना नुसतं विचारून सोडायचं नाही, निर्णयात त्यांचा वाटा हवा. बैठका ठरलेल्या पद्धतीने आणि समोरासमोर व्हायला हव्यात, आणि प्रयत्न एकमताचा हवा. ‘सूचना व हरकती ३० दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात’ अशी जाहिरात यातल्या जवळपास कुठल्याच कसोटीत बसत नाही. ती कायद्याची पूर्तता असते, चांगली असते, पण तिला सहयोग म्हणता येत नाही.

त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, शेरी आर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचं सोंग, मधल्या तीनवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं, आणि वरच्या तीनवर खरी सत्ता. मी विद्यार्थ्यांना आपल्या गावातली किंवा वॉर्डातली एक बैठक आठवायला सांगतो आणि ती या शिडीवर कुठे बसते ते विचारतो. बहुतेकांची बोटं चौथ्या पायरीवर थांबतात. मत विचारलं गेलं, इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. त्या मताचं पुढे काय झालं, ते कोणालाच आठवत नाही.

ग्रामसभेचा कोरम किती? कोरम भरला म्हणजे लोकसहभाग झाला का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला सर्वसाधारणपणे कोरमची अट नसते. वर्षाला किमान चार सभा व्हायच्या असतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तारखांच्या आसपास ठेवतात. प्रत्येक नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही तरतूद आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक सभा सांगतो. मराठवाड्यातलं गाव, २ ऑक्टोबर, जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. सतरंजी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत, माणसं सगळी सावलीच्या बाजूला. हजेरीच्या रजिस्टरवर शंभराच्या वर सह्या आणि अंगठे होते. मी मोजली तर माणसं चाळीसच्या आत. शिपायाने आदल्या संध्याकाळी घरोघर फिरून सह्या आणल्या होत्या, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण दर वेळी तसंच व्हायचं.

विषयपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय सगळीकडे अर्ध्या मिनिटात संपतो. ‘कायम करायचं ना?’ ‘हो, कायम.’ पुढे चला. त्या दिवशी दाराशी बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “वाचून कायम करणं म्हणतायसा, तर वाचा की. आमच्या आळीच्या नळाचं मागल्या बारीला लिवलं होतं, ते वाचा आधी.”

ग्रामसेवकांनी पानं मागे उलटली. ठराव होता. क्रमांक होता, सूचकाचं नाव होतं, अनुमोदकाचं होतं, ‘सर्वानुमते मंजूर’ असंही होतं. त्यापुढे काही नव्हतं. आजींनी विचारलं, “मग पुढं काय झालं?” व्हरांड्यात कोणी बोललं नाही. ग्रामसेवकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तो ठराव पंचायत समितीकडे पाठवायचा राहून गेला.

सभेला आलेल्या चाळीस जणांत सहभाग कोणाचा झाला, असं मला विचाराल तर त्या एका आजींचा. मी अनेक वर्षांच्या कामातून एवढंच शिकलो आहे की हजेरीवरून सहभाग कळत नाही. ठरावाचा माग काढावा लागतो.

मग त्या गावात पुढे काय झालं?

ग्रामसेवकांनी स्वतःहून रजिस्टरच्या शेवटी एक तक्ता आखला. ठराव क्रमांक, विषय, कोणाकडे पाठवला, जावक क्रमांक आणि तारीख, उत्तर काय आलं. पुढच्या सभेपासून इतिवृत्ताऐवजी आधी तो तक्ता वाचायला सुरुवात झाली. याला कार्यालयीन भाषेत अनुपालन म्हणतात आणि जिल्हा परिषदेच्या बैठकीत तो अहवाल नेहमीचाच असतो. ग्रामसभेत मात्र मला तो फार क्वचित दिसला आहे. नळाचं काम लगेच झालं नाही. ‘निधी उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, पण उत्तर आलं, आणि ते सभेत वाचलं गेलं. त्यानंतर सह्या गोळा करायला घरोघर जाणं हळूहळू कमी झालं, कारण माणसं उत्तर ऐकायला यायला लागली होती.

महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी त्या सभेत बोलत नाहीत. मग उपयोग काय?

बोलत नाहीत हे अर्धंच खरं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, त्याआधी एक तृतीयांश होतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायतींचा केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या पंचायतीचं प्रमुखपद राखीव होणार हे फेरीने ठरत असल्यामुळे त्यांना राखीव आणि बिनराखीव गावांची सरळ तुलना करता आली. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी बायकांनी मांडलेल्या गरजांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च केला होता. राखीव जागेवर निवडून आलेली बाई नुसती सही करते, असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा.

‘सरपंचपती’ खुर्चीवर बसलेला मीही पाहिला आहे. पण दुसऱ्या कार्यकाळात त्याच बाईंनी नवऱ्याला ‘तुम्ही बाहेर थांबा’ असं सर्वांसमोर सांगितलेलंही पाहिलं आहे. महिला सभा नावापुरती न घेता खरंच घेतली, तिथे झालेले ठराव मुख्य सभेत वाचले, आणि सभेची वेळ स्वयंपाकाच्या वेळेशी भिडू दिली नाही, तर फरक पडतो. वेळेची गोष्ट किरकोळ वाटते. अकराची सभा आणि सहाची सभा यांत कोण येतं ते एकदा मोजून पाहा.

मेंढा (लेखा) या गावाबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तिथे निर्णयाची पद्धतच वेगळी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते-अभ्यासक मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं या प्रवासाशी कायमची जोडली गेली आहेत.

गावात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही ठाम विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. बाहेरून आलेल्या माणसाला ही पद्धत संथ वाटते. पण बहुमताने हरलेला माणूस पुढे त्या निर्णयात खोडा घालतो आणि सहमतीने थांबलेला माणूस घालत नाही, हा साधा हिशेब आहे. दुसरं म्हणजे अभ्यासगट. सभेत निर्णय, अभ्यासगटात चर्चा. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, बाहेरचा जाणकार काय सांगतो, हे अभ्यासगटात समजून घ्यायचं आणि निर्णय मात्र गावाचाच. तज्ज्ञाने बोलायचं कुठे आणि थांबायचं कुठे, याची इतकी स्वच्छ आखणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज (गावाला गोळा करून विकता येईल असं जंगलातलं उत्पादन) होता, वन खात्याच्या व्यवहारात तो झाड होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क २००९ चा आणि पुस्तक २०११ चं. हे अंतर लक्षात ठेवा. संशोधनाचा खरा विषय याच अंतरात असतो: अधिकार मिळाल्यावर तो वापरता येईपर्यंत मधे कोण उभं असतं, आणि ते कशाने बाजूला होतं.

सगळी गावं मेंढा होऊ शकतात का?

नाही, आणि तशी अपेक्षाही नको. एका समाजाचं, लहान वस्तीचं, जंगलावर एकत्र अवलंबून असलेलं गाव आणि पाच हजार मतदारांचं, बाजारपेठ असलेलं, जातीजातींत विभागलेलं गाव यांना एकच माप लावता येत नाही. मोठ्या गावात वाडी-वस्तीच्या सभा आधी घ्याव्यात. अनुसूचित म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रात तिथल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने (१९९६) आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेण्याचा मार्ग दिला आहे. बाकीच्या महाराष्ट्रालाही त्यातून घेण्यासारखं खूप आहे.

शहरात काय? आम्हाला तर ग्रामसभाच नाही.

बरोबर, आणि शहरी माणसाची ही तक्रार रास्त आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या मुख्यतः नगरसेवकांच्या असतात. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. बहुतेक शहरांत ती कागदावरच आहे.

प्रत्यक्षात चाललेला एक प्रयोग पुण्याचा. २००६ साली पुणे महापालिकेने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाची किंमत पाच लाखांच्या आत हवी, अधिकारी ते काम करता येईल का ते तपासतात, प्रभाग समिती यादी पक्की करते आणि ती अंदाजपत्रकात येते. पदपथ, बाक, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह अशी ही कामं. सुरुवातीला माझं मत होतं की ही फार लहान गोष्ट आहे. आता तसं वाटत नाही. आपल्या गल्लीतल्या दिव्याचा खांब अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून आलेला पाहणाऱ्या माणसाचं महापालिकेशी नातं बदलतं. त्याला ‘लेखाशीर्ष’ (खर्च ज्या सदराखाली पडतो ते) हा शब्द कळायला लागतो.

दुखणं पुढे आहे. अंदाजपत्रकात आलेलं काम होईलच असं नसतं. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ होतं, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. अर्ज करणाऱ्याला ते कळवण्याची पद्धत नसेल तर तो पुढच्या वर्षी अर्ज करत नाही. एका शहरात, पुण्यात नव्हे, मी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांबरोबर त्यांच्या सुचवलेल्या पदपथाचा माग काढत तीन टेबलं फिरलो. शेवटच्या टेबलावर कळलं की निधी आठ महिन्यांपूर्वीच दुसरीकडे गेला होता. ते शांतपणे म्हणाले, “एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं.” सहभाग टिकवायला लागणारा खर्च त्यांनी अचूक सांगितला.

हे सगळं ब्राझीलवरून आलं म्हणतात, ते खरं का?

सहभागी अंदाजपत्रक, म्हणजे पुण्यासारखी लोकांनी कामं सुचवायची पद्धत, हो. पोर्तो आलेग्रे या शहराने १९८९ पासून ते सुरू केलं. वस्तीसभांतून प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी पुढे अग्रक्रम ठरवायचे. ब्राझीलमधल्या ज्या शहरांनी ही पद्धत घेतली तिथे आरोग्य आणि सांडपाण्यावर खर्च वाढला आणि बालमृत्यू कमी झाले, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण ज्या शहरात ते जन्मलं तिथेच ते २०१७ मध्ये स्थगित झालं. राजकीय पाठबळ सुटलं की पंचवीस-तीस वर्षांची घडीही विस्कटते.

आपल्याकडे तुलना करायची तर केरळशी करावी. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचं ठरलं. आधी पैसे आणि मग सभा, हा क्रम त्यांनी धरला. महाराष्ट्रात चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीला यायला लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडे सुरू झाले, तेव्हा ग्रामसभांना अचानक गर्दी वाढलेली मी पाहिली. ठरवायला काही असलं की लोक येतात. पंधराव्या आयोगात निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित झाला, त्यामुळे पुन्हा गावाला स्वतः ठरवण्यासारखं कमी उरलं.

अधिकाऱ्यांना लोकसहभाग नकोच असतो का?

असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. एका ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) दोन-तीन गावं असतात, डझनभर योजनांची पोर्टलं असतात आणि मागे ऑडिटचे पॅरे, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, असतात. खर्च नियमात बसला नाही तर वसुली त्यांच्यावर निघते, सभेवर निघत नाही. एक जण मला म्हणाले होते, “ठराव लिहायला माझी ना नाही सर. पण त्याखाली पैसे कुठून येणार ते कोण लिहिणार?”

शिवाय बदल्या. लोकांशी विश्वासाचं नातं जुळायला दोन वर्षं लागतात आणि तिसऱ्या वर्षी बदलीचा आदेश येतो. सहयोगी कारभारावरच्या जवळपास प्रत्येक अभ्यासात विश्वास आणि सातत्य ही दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात. चांगल्या अधिकाऱ्यावर उभा राहिलेला प्रयोग त्याच्याबरोबर जातो. पद्धतीत, रजिस्टरात, नियमात उतरलेला प्रयोग मागे राहतो.

सहयोगाने खरंच काही निघालं, असं एखादं मोठं उदाहरण द्या.

नाशिक जिल्ह्यातलं वाघाड. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्याच्या शेवटाला ओझरचे शेतकरी. ‘टेलला पाणी पोचत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कालव्यावर ऐकू येतं. इथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या पुढाकाराने टेलच्याच शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली. पाटबंधारे खातं पाणी मोजून संस्थेला देतं, संस्था ते शेतकऱ्यांत वाटते, पट्टी गोळा करते आणि खात्याला भरते. कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवतो.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मोजमाप. पाणी घनमापन पद्धतीने दिलं जातं, म्हणजे किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) आलं ते दोन्ही बाजूंना आकड्यात माहीत असतं. ‘आम्ही सोडलं’ आणि ‘आम्हाला आलंच नाही’ हा जुना वाद चारीवरच्या मोजयंत्राने मिटतो. विश्वास भाषणांनी वाढत नाही, असल्या उपकरणांनी वाढतो. राज्याने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, आणि त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या मुखाच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व दिलं. पुढे या कायद्याखाली कितीतरी संस्था नोंदल्या गेल्या आणि नोंदीपुरत्याच राहिल्या. वाघाडची माणसं आधी एकत्र आली होती. कायदा मागून आला.

लोकसहभागाच्या नावाखाली सरकार स्वतःचं काम लोकांवर ढकलतं, असं वाटत नाही का?

कधी कधी तसंच होतं, आणि ते ओळखायला शिकलं पाहिजे. श्रमदान मागायचं, वर्गणी मागायची, देखभाल सोपवायची आणि निर्णय मात्र वरच ठेवायचा, तर तो सहभाग नव्हे, वेठ आहे. विचारायचं एवढंच: काम वाटून दिलं तेव्हा अधिकार आणि पैसे वाटून दिले का?

पुण्यातली कचरा वेचणाऱ्या महिलांची गोष्ट या दृष्टीने बघा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेबरोबर तिचा करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करायचा, घरटी शुल्क घ्यायचं, सुका माल विकून मिळणारे पैसे त्यांचेच. ज्या बायकांना शहर कुंडीजवळून हाकलत होतं, त्या शहराच्या व्यवस्थेत कराराने आल्या. करार नूतनीकरणाला येतो तेव्हा दर वेळी ताण असतो. पण वाटाघाटीच्या टेबलाशी त्यांची खुर्ची आहे.

लोकांकडून आराखडा करून घेतला आणि मग बाजूला ठेवला, असंही होतं?

होतं. गोव्यात २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या तीव्र विरोधामुळे २००७ मध्ये रद्द करावा लागला. मग २०२१ सालापर्यंतचा आराखडा करताना गावागावांत नकाशे गेले, पंचायतींनी आपली शेतं, तळी, डोंगर उतार त्यावर दाखवले. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तो आराखडा स्थगित झाला. त्या नकाशांवर रात्री जागवलेल्या लोकांना पुन्हा ‘सूचना द्या’ म्हणायला कोणत्या तोंडाने जायचं?

सहभाग मोजायचा कसा? माझ्या प्रबंधासाठी पद्धत सांगा.

प्रश्नावल्या वाटून ‘तुम्ही ग्रामसभेला जाता का? नेहमी / कधी कधी / कधीच नाही’ असं विचारू नका. उत्तरं मिळतील, पण त्यातून काही कळणार नाही. पंचायतीचा अभ्यास आहे म्हटल्यावर बहुतेक जण ‘नेहमी’ म्हणतात.

ठराव हे एकक धरा. एका गावातले तीन वर्षांचे ठराव घ्या. प्रत्येक ठराव कोणी मांडला, कोणत्या वस्तीचा, विषय काय, पैसे लागणार होते का, पुढे कोणत्या कार्यालयात गेला, उत्तर आलं का, काम झालं का, आणि ते सभेला कळवलं का. असा माग काढला की सत्ता कुठे आहे ते आपोआप दिसतं. एखाद्या वस्तीचे ठराव सतत ‘ऐनवेळच्या विषयां’त येत असतील तर तोही निष्कर्षच आहे.

दुसरी चांगली पद्धत आरोग्य क्षेत्रात आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी मिळून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचा. लाल रंग पुढच्या फेरीत पिवळा झाला का, हे न शिकलेल्या माणसालाही भिंतीवर दिसतं.

एमपीएससीसाठी यातलं काय पाठ करायचं?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू, ७४ वी १ जून १९९३ पासून. ग्रामसभा कलम २४३-क, प्रभाग समित्या २४३-ध. अकराव्या अनुसूचीत २९ विषय, बाराव्यात १८. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती, मग १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. परीक्षा झाली की एका ग्रामसभेला जाऊन बसा.

माझ्याच गावापासून सुरुवात करायची आहे. इतिवृत्त बघायला मिळतं का?

मिळतं. आधी सरळ मागून पाहा. बहुतेक ठिकाणी चहा पिता पिता मिळून जातं. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रती मागण्याऐवजी ‘अभिलेखाचं निरीक्षण’ मागा, म्हणजे पूर्ण रजिस्टर चाळता येतं आणि कधी कधी दोन पानांमध्ये ठेवलेली एखादी न पाठवलेली चिठ्ठीही सापडते. निधीचे आकडे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतात, ते आधी उतरवून न्या.

एक वही न्या, पेन्सिल न्या. पहिल्या दिवशी फक्त एकच ठराव निवडा, शक्यतो तुमच्या आळीचा, आणि त्याचा जावक क्रमांक शोधा.